सेलोटेपखालचं दशक

गेल्या दिवाळीत आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन मिनिटांची एक चित्रफीत फिरत होती. लाकडी शटरचा टीव्ही, कौलांवरचा अँटेना, पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी, ललिताजींची कपड्यांच्या पावडरीची जाहिरात, रविवार सकाळचं रामायण, मग लक्ष्मीकांत बेर्डे आणि शेवटी लॉर्ड्सच्या गच्चीत करंडक धरलेला कपिल देव. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. 'काय दिवस होते ते!' मीही अंगठा टाकला आणि फोन बाजूला ठेवला.

रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की यातली एकही गोष्ट मी आमच्या घरात पाहिलेली नाही.

आमच्याकडे टीव्ही आला १९९२ साली. त्याआधी रामायण पाहायचं ते तलाठ्यांकडे. सतरंजीवर त्यांच्या घरची आणि भाऊबंदांची माणसं, ओसरीवर आमच्यासारखी, आणि गावकुसाकडच्या वस्तीतली पोरं अंगणात. ओसरीवरून दिसायचं ते खिडकीतून. त्यामुळे माझ्या आठवणीतल्या रामायणात मधोमध एक उभा गज आहे. राम गजाच्या अलीकडे, लक्ष्मण पलीकडे. अंगणातल्या पोरांना तर फक्त ऐकू यायचं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही, मजाही यायची. पण आज ऐंशीच्या दशकाच्या नावाने जे काही आठवणींच्या ताटात वाढलं जातं, ते जवळजवळ सगळं त्या सतरंजीवरून पाहिलेलं आहे. २००१ च्या जनगणनेत पहिल्यांदा घरोघरी टीव्ही आहे का, हे विचारलं गेलं. देशातल्या ३१.६ टक्के घरांत तो होता, आणि ग्रामीण भागात फक्त १८.९ टक्के घरांत. हा आकडा ऐंशीचं दशक संपून अकरा वर्षं झाल्यावरचा, केबल आल्यानंतरचा. मग १९८५ साली काय असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. 'आपण सगळ्यांनी एकत्र पाहिलेलं दशक' असं जे म्हटलं जातं, त्यातले 'सगळे' म्हणजे पाच घरांतलं फार तर एक घर आणि त्याच्या ओसरीवर बसलेले पाहुणे.

एखाद्या दशकाची आठवण कुणाची ठरते? ज्याचं काही नोंदलं गेलं आणि ज्याच्याकडे आज ते पुन्हा दाखवायची सोय आहे, त्याची. बाकीच्यांचं दशक गेलं नाही, फक्त पुसलं गेलं. आणि ते पुसण्यात सरकार, कंपन्या, वाचनालयं आणि माझ्यासारखे लोक असे सगळेच सामील आहोत. माझा वाटा काय, ते पुढे येईल.

आधी दूरदर्शनचं. त्या काळाबद्दल दोन दावे हमखास होतात: तेव्हा दर्जा होता, आणि तेव्हा एकोपा होता. एकोप्याचं गणित सोपं आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ऑगस्ट १९८२ मध्ये देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला, रंगही त्याच सुमारास आला, आणि १९८४ मध्ये काही महिने देशात जवळपास रोज एक नवं सहक्षेपण केंद्र उभं राहत होतं. एकच वाहिनी, तीही सरकारी. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे हे खरं, पण दुसरं पाहायला होतंच काय? एकाच विहिरीवर सगळं गाव पाणी भरतं याला कुणी एकोपा म्हणत नाही. गावात दुसरी विहीर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या एका विहिरीचा एक फायदा मात्र झाला, तो मान्य करतो. भांडणही सगळ्यांचं एकच असायचं. जानेवारी १९८८ मध्ये फाळणीवरच्या 'तमस' या मालिकेविरुद्ध लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण चालू ठेवू दिलं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. एका मालिकेवर अख्ख्या देशाने एकाच आठवड्यात वाद घालावा, हे आता होणं कठीण. आज प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा वाद आहे.

दर्जाचा दावा मात्र मला पटत नाही. आपण जे आठवतो ते चाळणीवर उरलेलं आहे. उद्घाटनांच्या बातम्या, फीत कापणारे मंत्री, तासतासभर चाललेली भाषणं कुणाच्याच चित्रफितीत नसतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असं दूरदर्शनने तेव्हा जाहीर केलं. ते दाखवता आलं, कारण त्याच्या फिती जपलेल्या होत्या. ज्याच्या फिती जपल्या नाहीत ते वाईटच होतं, असं थोडंच आहे?

मराठी सिनेमाचंही असंच. सप्टेंबर १९८८ मध्ये आलेल्या 'अशी ही बनवाबनवी'मधला माने नावाच्या माणसाचा पत्ता विचारण्याचा प्रसंग आज दहा वर्षांच्या पोरालाही पाठ असतो. पण तो सिनेमा मुळात पुण्यात भाड्याची खोली न मिळण्याचा आहे. 'धूमधडाका' १९८५ चा. त्या लाटेतले नायक कोण, तर नोकरी नसलेले, खोली नसलेले, मालकासमोर सोंग घेणारे तरुण. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांनी दशकभर ज्या धांदलीवर हसवलं, तिच्या मुळाशी घराची आणि पगाराची चणचण होती. आज आपण विनोद तेवढा उचलला आणि चणचण तिथेच टाकून आलो. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण जाहीर झाला तो २०२४ मध्ये. उशिरा का होईना, झाला. बेर्डे २००४ मध्येच गेले.

असो. मला बोलायचंय ते ओसरीच्या बाहेरच्या दशकाबद्दल.

१९८२ हे रंगीत टीव्हीचं वर्ष म्हणून आपल्याला माहीत आहे. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा १९ नोव्हेंबरला सुरू झाल्या. त्या दिवशी मुंबईतल्या गिरणी संपाला दहा महिने पूर्ण झाले होते. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारीला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आता हे कामगार म्हणजे फक्त तागे विणणारे हात नव्हते. लालबाग-परळच्या भजनी मंडळांचे टाळकरी तेच, गणपतीत मेळे करणारे तेच, तमाशाचं तिकीट काढणारे तेच, आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे सवाल-जवाबाच्या गाण्यांचा, सामना लागला की कोकणातल्या आपापल्या वाडीच्या शाहिराला उचलून धरणारेही तेच. गिरण्या थंडावल्या तशी ही माणसं गावाकडे पांगली आणि एक जाणता प्रेक्षक उठून गेला. ऐंशीच्या दशकाच्या कुठल्याही चित्रफितीत ही रिकामी झालेली खुर्ची दिसत नाही. दादा कोंडके याच गिरणगावातले, नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातले. सभ्य घरांत त्यांचं नाव हळू आवाजात घ्यायचे. त्यांच्या सिनेमांना गर्दी कुणाची होती, हे त्या सभ्य घरांना तेव्हा कळलं नाही आणि आज आठवत नाही.

ज्या माणसांपाशी टीव्ही नव्हता त्यांच्यापाशी मात्र त्याच दशकात एक यंत्र पोचलं. टेपरेकॉर्डर. माझ्या मते ऐंशीच्या दशकाचं खरं जनमाध्यम कॅसेट हे होतं.

त्याआधी गाणं विकत मिळायचं ते तबकडीवर. तबकडी महाग, ती वाजवायचं यंत्र त्याहून महाग, आणि कुणाचा आवाज तबकडीवर चढवायचा हे मोजक्या कंपन्या ठरवणार. कॅसेटने हे सगळं उलटंपालटं केलं. दिल्लीत गुलशन कुमारांनी टी-सीरिज उभी केली आणि कॅसेटची किंमत इतकी खाली आणली, की ती पानाच्या टपरीवर आणि किराण्याच्या दुकानातही मिळू लागली. त्यांनी यासाठी वापरलेले मार्ग सगळे सरळ होते असं कुणी म्हणत नाही. पण त्या लाटेवर छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या आणि पहिल्यांदाच जत्रेतल्या आवाजाला, वस्तीतल्या आवाजाला, तमाशाच्या फडातल्या आवाजाला विकत घेणारा मिळाला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पंढरीच्या वाटेवरही वाजायचा आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही. त्यांच्याच घरातल्या आनंद शिंदे यांची पोपटाची कॅसेट तर एसटी स्टँडपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही कान बंद केल्याशिवाय टाळता यायची नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हयातभर गावोगाव गात हिंडले. त्यांच्या शब्दांवर इतरांनी किती कॅसेटी काढल्या, याचा हिशेब कुणी ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, एसटी स्टँडच्या भिंतीला लागून पत्र्याची टपरी. सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. छापील कॅसेटी दर्शनी बाजूला, पण धंद्याचा अर्धा गल्ला यायचा 'भरून देण्या'तून. लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचे. 'ही बारा भरून द्या, आणि शेवटी जागा उरली तर वगातला सवाल-जवाब टाका.' मामा दोन डेक एकमेकांना जोडून कॅसेट भरायचा. साठाची की नव्वदाची, हा पहिला प्रश्न. नव्वदाची पट्टी पातळ, ती हमखास गुंतायची, म्हणून मामा साठाचीच घ्या म्हणून सांगायचा. लग्नाची यादी वेगळी, बारशाची वेगळी. सासरी निघालेल्या मुलीसाठी आईने भरून घेतलेली ओव्यांची कॅसेट मी स्वतः वहीत नोंदवलेली आठवते. कोणत्या गाण्याची मागणी कोणत्या वस्तीतून येते हे त्या वहीत सरळ दिसायचं. समाजशास्त्राच्या कुठल्याही विभागाने ती वही डोक्याला लावून घेतली असती. टपरी उठली तेव्हा ती रद्दीत गेली.

कॅसेटला मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन इवलेसे दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. कंपनीच्या कॅसेटला दात मोडलेलेच असायचे. पण उपाय घरोघरी माहीत होता. मोडलेल्या दाताच्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा, की यंत्र फसतं आणि जुन्यावर नवं भरता येतं.

मामा दरवर्षी आंबेडकर जयंतीला वस्तीत होणारा भीमगीतांचा सामना भरून ठेवायचा. विकायला नाही, स्वतःसाठी. व्यासपीठाच्या बाजूला बाकड्यावर टेप ठेवायचा, रात्र सरेपर्यंत पट्ट्या उलटायचा, आणि घरी आल्यावर दात मोडून, वर निळ्या शाईने तारीख घालून कॅसेट पेटीत टाकायचा. १९८८ च्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांचा होतो. मला रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट मागायचं धाडस नव्हतं. मी पेटीतली एक उचलली आणि खाचेवर सेलोटेप लावला.

मामाला कळलं तेव्हा तो रागावला नाही. 'पुढल्या वर्षी परत होईल की सामना,' म्हणाला. सामना पुढल्या वर्षी झालाही. पण त्यातला एक गायक त्या पावसाळ्यात वारला होता.

मी पोर होतो हे खरं, पण मी जे केलं ते मोठमोठ्या संस्थाही करत होत्या. चित्रफितीची टेप तेव्हा महाग होती आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरायची, ही कितीतरी वाहिन्यांची रीत होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच घालवले आणि नंतर जगभर शोधत बसली. आपल्याकडे मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या काळातलं बरंच काही आज पाहायला मिळत नाही. जे उरलंय त्यातलं काही सह्याद्री वाहिनी आणि प्रसार भारती आता यूट्यूबवर टाकतात, त्याबद्दल त्यांना दाद दिलीच पाहिजे. पण ते म्हणजे उरलेलं. गेलेल्याची निदान यादी तरी कुणीतरी छापायला हवी.

क्रिकेटमध्ये पाहा. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध १७ धावांत ५ गडी गेलेले असताना कपिल देवने नाबाद १७५ केल्या. त्या सामन्याचं चित्रण झालेलंच नाही. तरी ती खेळी हरवली नाही, कारण धावफलकाच्या वहीत प्रत्येक चेंडूला रेघ मारणारा माणूस तिथे बसला होता. दरवर्षी रात्रभर चालणाऱ्या सामन्यांत कुठल्या शाहिराने कुणाला काय सवाल टाकला, याच्या रेघा कुणी मारल्या नाहीत. त्यांची वही म्हणजे ती कॅसेटच.

आणि कॅसेट मरते आहे. तिच्या प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या भस्माचा थर असतो. आवाज त्या थरात असतो. दमट हवेत त्याला बुरशी धरते, उन्हात पट्टी ताणते, पट्टीचे वेढे एकमेकांवर वर्षानुवर्षं दाबून राहिले की एका वेढ्यातला आवाज शेजारच्यात उतरतो. माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलेल्या कॅसेटींवर या तिन्ही गोष्टी एकदम चालू असतात. त्यात वाजवणारी यंत्रं गेली आणि ती दुरुस्त करणारेही गेले. रबरी पट्टा तुटला म्हणून भंगारात गेलेले किती टेप मी पाहिले.

पुस्तकाचं बरं आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यातलं एक मुंबईचं, टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीशी जोडलेलं. सगळे प्रकाशक पाठवतात असं नाही, पण निदान कायदा आहे. कॅसेटला असा कायदाच नव्हता. लाखोंनी खपलेली कॅसेट आणि तिची एकही प्रत देशाच्या दप्तरी नाही, हे सहज शक्य होतं.

उलट हक्कांचा कायदा मात्र कॅसेटला पक्का लागू आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८६ ची कॅसेट मोकळी होणार २०४६ संपल्यावर. तिची कंपनी कधीच बुडाली, मालक कोण हे कुणाला ठाऊक नाही, परवानगी मागायची तर कुणाकडे? आणि २०४७ उजाडेल तेव्हा पट्टीवर आवाज असेल की नुसती खरखर? या कायद्यातही एक फट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ना नफा तत्त्वावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या प्रतीची जतनासाठी संगणकावर नक्कल ठेवता येते. हक्काचा मालक सापडतच नसेल तर परवाना मागण्याचीही तरतूद आहे. फट आहे, पण तीतून आत जाणारं ग्रंथालय पाहिजे.

मामा गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. एकशे चाळीस कॅसेटी. मी ती घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या वाचनालयात गेलो. नाव सांगत नाही, माणसं भली होती. ग्रंथपालबाईंनी पेटी उघडून पाहिली, दोन-तीन कॅसेटी हातात घेतल्या, आमच्याकडेही अशा होत्या म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, 'दादा, याची आम्ही नोंद कशात करायची? आमच्या रजिस्टरला तसा रकानाच नाही.' एक कर्मचारी मागून म्हणाला, यात चावट गाणी पण असतील ना? असतील, म्हटलं. आहेतच. पेटी घेऊन मी परत आलो.

रकाना नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रश्नाचं नाव हेच आहे.

चावटपणाचा आक्षेप मात्र बाजूला टाकण्यासारखा नाही, कारण तो फक्त त्या कर्मचाऱ्याचा नाही. कॅसेटच्या लाटेत गाळ पुष्कळ होता. काही गाणी बाईच्या शरीरावर इतकी उथळ होती, की मामा ती दुकानात मोठ्याने लावायचा नाही. पण जतन म्हणजे शिफारस नव्हे. वर्तमानपत्राच्या जुन्या फायली जपताना आपण त्यातल्या जाहिराती कापून काढतो का? आणि वाईट काय, हे आज ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तमाशाला नाकं मुरडणारे एका पिढीचे सुशिक्षित, आणि त्यांच्याच नातवंडांनी लावणीवर प्रबंध लिहिले. मध्ये गेला तो फक्त आवाज. प्रबंध लिहिणाऱ्याला मग कुणाच्या तरी आठवणीतल्या दोन ओळींवर भागवावं लागतं.

आणि हे काम जमत नाही असंही नाही. ऐंशीच्याच दशकात पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. खेड्यातल्या बायका पहाटे दळताना म्हणायच्या त्या ओव्या. कुठल्या कंपनीने त्या विकत घेतल्या नसत्या. सहकाऱ्यांच्या मदतीने वर्षानुवर्षं गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्याही म्हणणारीचं नाव आणि गाव नोंदवून. आज त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. म्हणजे बाजारात ज्याला शून्य भाव होता ते टिकलं आणि जे लाखांनी खपलं ते हरवायला लागलं. ओव्यांना रकाना आखणारं कुणीतरी भेटलं, एवढाच फरक.

सिनेमाला पी. के. नायर भेटले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं. नायरांनी तिथे जवळपास बारा हजार सिनेमे गोळा केले. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या गोदामातून, भंगारवाल्याकडून. चांगला-वाईट न निवडता घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. २००३ मध्ये लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, तेव्हा गेलेल्याची निदान यादी तरी होती. कॅसेटला नायर मिळाले नाहीत. आता एका माणसाची वाट पाहण्याइतका वेळही उरलेला नाही.

मग करायचं काय? महाराष्ट्रात अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. १९६७ च्या कायद्याने उभं राहिलेलं हे जाळं देशात फार थोड्या राज्यांकडे असेल. त्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या एका ग्रंथालयात एक चालू टेप, एक वायर, एक संगणक आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बसणारी दोन पोरं एवढं पुरे. गावाने कॅसेट आणून द्यायची, तिची नक्कल व्हायची, कव्हरचे आणि वेष्टणाच्या मागच्या बाजूचे फोटो निघायचे, गायक कोण, कुठल्या गावचा, कॅसेट कुठे घेतली हे आणणाऱ्याला विचारून लिहून घ्यायचं, आणि मूळ कॅसेट घरी परत. नेटवर लगेच टाकायची गरज नाही. हक्कांचा घोळ सुटेल तेव्हा सुटेल, ग्रंथालयात बसून ऐकता आली तरी आज पुष्कळ झालं. चित्रपटांच्या जतनासाठी केंद्राने ५९७ कोटींची योजना आखली होती. तिच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. साहित्य संमेलनाच्या एका मांडवाच्या खर्चात दोन-चार जिल्हे सहज उरकतील. (संमेलनवाल्यांनी रागावू नये. मीही मांडवात जेवलेलो आहे.)

लिहून घेण्याचं काम मात्र मला यंत्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आवाज वाचेल, पण तो कुणाचा हे सांगणारी माणसं आता सत्तरीत-ऐंशीत आहेत. एकशे चाळीसपैकी सदतीस कॅसेटींवर मामाने फक्त तारीख घातलेली आहे. त्याला सगळं पाठ होतं, लिहायची गरज कुठे होती?

गेल्या महिन्यात मी एक जुना टेप दुरुस्त करून घेतला आणि ती माझ्या सेलोटेपची कॅसेट लावली. सेलोटेप पिवळा पडून कडक झालाय, पण चिकटलेला आहे. रेडिओवरची गाणी, मध्येच निवेदकाचा आवाज, माझा खोकला. अकरावं गाणं अर्ध्यावर तुटतं. तेव्हा मला कुणीतरी हाक मारली असावी आणि मी बटण दाबलं असावं. खट्ट. पुढे एकदम ढोलकी सुरू होते, मागे माणसांचा गलका, आणि माझ्या गाण्यांच्या खाली न सापडलेला त्या रात्रीचा शेवटचा तुकडा, जेमतेम चार मिनिटांचा. गायकाचा आवाज बसलेला आहे, पहाट झाली असणार. तो थांबतो. कुणीतरी पुढे येऊन काहीतरी देतो, नाणी वाजतात. 'आपल्याच वस्तीतल्या…' असं म्हणून तो बक्षीस देणाऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडतो, आणि पट्टी संपते.